लॉक लावला, तर मदत कोण करणार?

इंदूरच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ५८, यजमान ६५ वर्षांचे. यजमानांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही आहेत. रोज पहाटे ते एकटे लालबागेत फिरायला जातात. फोनला लॉक ठेवत नाहीत. ‘रस्त्यात मला काही झालं तर उचलणाऱ्याला घरी फोन करता आला पाहिजे,’ हे त्यांचं कारण. गेल्या महिन्यात राजवाड्याजवळ फोन ई-रिक्षात राहिला. रिक्षावाल्याने ‘घर’ नावाचा नंबर शोधून फोन केला आणि संध्याकाळी फोन आणून दिला. तेव्हापासून यजमानांचं मत आणखी पक्कं झालं आहे. पुण्यातला मुलगा म्हणतो, आजच्या आज लॉक लावा. यजमान म्हणतात, मग मी साधा बटणांचा फोनच घेतो.

‘मला दोघांचंही पटतं,’ ताई लिहितात. ‘कोणाचं ऐकू? आणि पुढच्या वेळी फोन परत आलाच नाही तर काय करायचं? बँकेचं सगळं ह्यांच्या फोनवर आहे. माझं सिम मुलाच्या नावावर आहे. माहेरच्या जुन्या लँडलाइनखेरीज मला एकही नंबर पाठ नाही.’

ताई,

यजमानांची भीती खोटी नाही, हे आधी त्यांना सांगा. इन्सुलिन घेणारा माणूस उपाशीपोटी चालायला जातो, साखर एकदम उतरू शकते, आणि अशा वेळी त्याला नीट बोलताही येत नाही. बघणाऱ्यांना वाटतं, माणूस नशेत आहे. म्हणून ‘मला कोण ओळखणार’ हा त्यांचा प्रश्न मुलाने उडवून लावण्यासारखा नाही. पण त्यामागचं गृहीतक मात्र तपासायला हवं. लॉक लावला की मदतीची वाट बंद होते, असं ते धरून चालले आहेत. तसं होत नाही.

लॉक असलेल्या फोनवर आलेला कॉल कोणीही उचलू शकतो, त्याला पिन लागत नाही. लॉकच्याच पडद्यावर ‘इमर्जन्सी कॉल’ असतं, तिथून ११२ लागतो. मध्य प्रदेशात पोलिसांची पूर्वीची डायल १०० सेवा २०२५ पासून ११२ वरच आली आहे. आणि त्याच ठिकाणी, आधी भरून ठेवली असेल तर, तुमची वैद्यकीय माहिती व घरच्यांचे नंबर दिसतात. नंबरावर बोट ठेवलं की लॉक न उघडता घरी फोन लागतो.

रिक्षावाल्याचंच बघा. फोनला लॉक असता, तर तुम्ही घरून रिंग दिली असती आणि त्याने ती उचलली असती. फोन परत आला तो त्या माणसाच्या प्रामाणिकपणामुळे. ते श्रेय उघड्या फोनला देऊ नका.

उघडा फोन नको त्या हातात पडला, तर काय होतं ते यजमानांना शांतपणे सांगायला हवं. यूपीआयला पिन आहे, मग काय बिघडतं, असं बहुतेकांना वाटतं. पण यूपीआय लाइट (छोट्या रकमांसाठी फोनमधलं पाकीट) चालू असेल तर एका वेळी १००० रुपयांपर्यंतचे व्यवहार पिनशिवाय होतात, आणि त्यात ५००० रुपयांपर्यंत शिल्लक असू शकते. ही त्यातली लहान बाब. मोठा धोका गॅलरीत असतो. डेबिट कार्डाचा फोटो ‘सोयीसाठी’ काढून ठेवण्याची सवय फार घरांत आहे. यूपीआयचा पिन नव्याने बसवायला कार्डाचे शेवटचे सहा अंक, त्याची मुदत आणि ओटीपी लागतो. अंक आणि मुदत फोटोत आहेत, ओटीपी त्याच फोनवर येणार. म्हणजे किल्ली कुलपालाच लटकवलेली. आज रात्रीच ते फोटो काढून टाका. गॅलरीतून काढलेला फोटो कचरापेटीत पडून राहतो (गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस), तेव्हा कचरापेटीही रिकामी करा. कॉन्टॅक्टमध्ये ‘एटीएम’ नावाने चार अंकी पिन साठवला असेल, तर तोही पुसा. चोरालाही ते नाव सहज सुचेल.

आता लॉक कसा लावायचा. सहा अंकी पिन ठेवा, जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नको. त्याच्या जोडीला बोटाचा ठसा. साठी ओलांडली की ठसे पुसट होतात, साखर तपासायला रोज टोचलेलं बोट तर आणखी त्रास देतं. म्हणून न टोचलेलं बोट निवडा आणि तेच बोट दोनदा नोंदवा. दुसऱ्या वेळी जरा वेगळ्या कोनात धरा, मग फोन सहसा पहिल्या झटक्यात उघडतो. त्यांच्या फोनवर तुमचंही एक बोट नोंदवायला हरकत नाही. पण लक्षात असू द्या, फोनमध्ये नोंदवलेल्या कोणत्याही बोटाने बँकेची काही अ‍ॅपही उघडतात. नातवंडांची बोटं गेम खेळण्यासाठी नोंदवून ठेवू नयेत.

लॉक लागला की लगेच पडद्यावर मजकूर लिहा. सेटिंग्जमध्ये वर शोधायची पट्टी असते, तिथे ‘लॉक स्क्रीन’ टाइप करा. कंपनीनुसार त्याला ‘कॉन्टॅक्ट इन्फर्मेशन’, ‘ओनर इन्फो’ किंवा ‘टेक्स्ट ऑन लॉक स्क्रीन’ म्हणतात. मजकूर हिंदीत लिहा, कारण इंदूरच्या रस्त्यावर फोन ज्याच्या हाती पडेल तो बहुधा हिंदी वाचणारा असेल. ‘घर पर बताएँ’ आणि पुढे तुमचा नंबर, मग एका शेजाऱ्यांचा. घाईत पुष्कळ लोक तिथे स्वतःचाच नंबर लिहून बसतात, आणि तो तर हातातल्याच फोनचा असतो. मुलाचा नंबर तिसरा ठेवा. तो पुण्यात आहे, एमवाय रुग्णालयात धावत यायचं आहे ते तुम्हाला किंवा शेजाऱ्यांना. घराचा पत्ता लिहू नका.

मग ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’मध्ये वैद्यकीय माहिती भरा आणि ‘लॉक स्क्रीनवर दाखवा’ हे चालू करा. आयफोन असेल तर हेल्थ अ‍ॅपमध्ये ‘मेडिकल आयडी’, तिथेही लॉक असताना दिसण्याचं बटण वेगळं असतं. माहिती भरून ते बटण बंद राहिलं, तर सगळी मेहनत फुकट. इन्सुलिनचं नाव, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावं, स्टेंट कधी बसवला ते, कशाची अ‍ॅलर्जी, डॉक्टरांचं नाव, एवढं पुरे. रक्तगटावर फार वेळ घालवू नका. रक्त द्यायची वेळ आली तर रुग्णालय स्वतः तपासल्याशिवाय देत नाही. त्यापेक्षा गोळ्या महत्त्वाच्या. डोक्याला मार लागलेल्या माणसाचं रक्त औषधाने पातळ झालेलं आहे, हे डॉक्टरांना पहिल्या काही मिनिटांत कळलं, तर तपासणी आणि उपचाराची दिशा बदलते.

तरीही माझा सगळ्यात जास्त भरवसा कागदावर आहे. लॉकच्या पडद्यावर वैद्यकीय माहिती कुठे असते, हे बागेत फिरणाऱ्या दहांपैकी किती जणांना ठाऊक असेल? फोन हातातून उडून गटारात पडू शकतो, बॅटरी संपलेली असू शकते. म्हणून पत्त्याच्या पानाएवढं एक कार्ड करा. वर ठळक अक्षरांत हिंदीत ‘मुझे डायबिटीज़ है, इंसुलिन लेता हूँ’, खाली गोळ्या, खाली दोन नंबर. लॅमिनेट करून घ्या, घामाने आणि पावसाने साधा कागद आठवड्यात लगदा होतो. ते शर्टाच्या खिशात राहू द्या. फोनच्या कव्हरमागे ठेवायचा मोह होईल, पण फोन आणि माणूस वेगवेगळ्या ठिकाणी पोचले तर कार्ड फोनबरोबर जाईल. कार्डासोबत ग्लुकोजची पुडी किंवा ग्लुकोजच्या चार गोळ्याही त्याच खिशात. माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तरच त्या द्यायच्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. हेही कार्डावर एका ओळीत लिहा.

फिरायला निघताना व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्हाला एक तासाचं लाइव्ह लोकेशन पाठवायची सवय लावा. पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीन पर्याय असतात, एक तासाचा त्यांना बरोबर पुरेल. अँड्रॉइड १२ आणि त्यानंतरच्या बऱ्याच फोनवर पॉवरचं बटण पाच वेळा भराभर दाबलं की आपत्कालीन कॉल सुरू होतो आणि ठरवलेल्या माणसांना संदेश जातो. हे चालू करा, पण चुकून लागला तर थांबवता यावा म्हणून मोजणी दाखवणारा पर्यायही सुरू ठेवा. घट्ट खिशात बटण दाबलं जाऊन ११२ ला नाहक फोन जाऊ नये.

बटणांच्या फोनचा त्यांचा हट्ट मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. फक्त फिरण्यासाठी, वेगळं सिम घालून, सहा नंबर साठवलेला साधा फोन ही चांगली सोय आहे. बॅटरी चार-पाच दिवस सहज चालते, कोणीही तो वापरू शकतो. मात्र बँकेशी जोडलेलं सिम त्यात घालायचं नाही. आणि त्याने घरातल्या मोठ्या फोनला लॉक लावायची गरज संपत नाही. राजवाड्याला, सराफ्यात, लग्नकार्यात तोच फोन बरोबर असणार.

आता तुमचा दुसरा प्रश्न. फोन परत आलाच नाही तर?

इथे कामांचा क्रम महत्त्वाचा आहे आणि बहुतेक लोक तोच चुकवतात. घाबरून पहिल्यांदा सिम बंद करतात. सिम बंद झालं की फोनचं इंटरनेट गेलं, आणि इंटरनेट गेलं की तो दूरून लॉक करता येत नाही, नकाशावरही सहसा दिसत नाही. म्हणून आधी दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. कोणी उचलत नसेल, तर फोन दूरून लॉक करा. मग सिम बंद करा. हे सगळं दहा मिनिटांच्या आत. अर्थात फोन उघडा असताना कोणी हिसकावून नेला असेल, तर रिंग देत बसू नका.

दूरून लॉक करायची सोय आधी चालू केलेली असली पाहिजे. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग गूगल, मग ‘थेफ्ट प्रोटेक्शन’, तिथे ‘रिमोट लॉक’ असतं. ते चालू असेल तर ‘अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक’ या पानावर फक्त मोबाइल नंबर टाकून फोन लॉक होतो, गूगलचा पासवर्ड लागत नाही. तिथेच झटक्याने हिसकावल्यास आपोआप लॉक होण्याची सोयही आहे. आणि यजमानांना हे नक्की सांगा: पडद्याला मुळात लॉकच नसेल तर यातलं काहीच चालत नाही. आयफोनवर ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ (चोराला पिन कळला तरी महत्त्वाचे बदल करू न देणारी सोय) तपासून घ्या.

फोन नकाशावर शोधायचा, पुसायचा किंवा आवाज बंद असताना वाजवायचा, तर गूगलचं ‘फाइंड हब’ लागतं (पूर्वीचं ‘फाइंड माय डिव्हाइस’). तुमच्या फोनवर ते अ‍ॅप घालून पाहुणा म्हणून त्यांच्या खात्यात शिरता येतं. अडचण इथेच येते. पासवर्ड कोणालाच आठवत नाही, खातं मुलाने आठ वर्षांपूर्वी काढून दिलेलं असतं, आणि पासवर्ड आठवला तरी गूगल म्हणतं, ‘तुमच्या फोनवर आलेल्या सूचनेला हो म्हणा.’ तो फोनच तर हरवला आहे! यावरचा उपाय म्हणजे बॅकअप कोड. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात, दुहेरी पडताळणी चालू केल्यावर, आठ अंकी दहा कोड मिळतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते वहीत उतरवून कपाटात ठेवा. त्यांचा फोटो काढून फोनमध्ये ठेवला तर काही उपयोग नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्याच वहीत फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहा. *#०६# डायल केलं की पंधरा अंक दिसतात. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर येतात, दोन्ही लिहा. हँडसेटचं बिल वहीतच चिकटवा. पोलीस ठाण्यात तक्रार दिल्यावर तक्रारीची प्रत, हे नंबर आणि ओळखपत्र घेऊन दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर फोन ब्लॉक करण्याची विनंती करता येते. ही सोय देशभर २०२३ च्या मे महिन्यापासून आहे. ब्लॉक झालेला फोन दुसरं सिम घालूनही भारतातल्या नेटवर्कवर चालत नाही. फोन सापडला तर तिथूनच पुन्हा चालू करता येतो.

सिमबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य तेच आहे. ‘माझं सिम मुलाच्या नावावर आहे.’ नवं सिम मिळतं ते ज्याच्या नावावर आहे त्याला, त्याची स्वतःची ओळख पटवून. तुमचा फोन हरवला, तर मुलगा पुण्याच्या दुकानात जाईल, सिम पुण्यात मिळेल, तुम्ही इंदुरात. तो पुढच्या खेपेला घरी येईल तेव्हा दोघांनी मिळून कंपनीच्या दुकानात जा आणि नंबर तुमच्या नावावर करून घ्या. ओळखपत्र दोघांचं लागेल. आपल्या नावावर कोणते नंबर आहेत, ते ‘संचार साथी’वर बघताही येतं.

नवं सिम मिळालं तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. फसवणूक टाळण्यासाठी हा नियम आहे. त्या काळात ओटीपी येणार नाही, म्हणजे बँकेचं काम, यूपीआय नव्याने जोडणं, सगळं दुसऱ्या दिवसावर जातं. लोक समजतात सिम खराब आहे, आणि पुन्हा दुकानात रांग लावतात. व्हॉट्सअ‍ॅप मात्र त्याच दिवशी परत घेता येतं: पडताळणीच्या वेळी एसएमएसऐवजी ‘कॉल करा’ निवडा. नव्या फोनवर खातं सुरू झालं की जुन्यावरचं आपोआप बंद होतं. आणि त्याआधी कुटुंबाच्या ग्रुपवर कोणाकडून तरी कळवा की फोन गेला आहे, त्या नंबरावरून पैसे मागितले तर देऊ नका. या एक-दोन दिवसांसाठी घरात दोन-तीन हजार रुपये सुट्या नोटांत असू द्या.

सिमला पिन लावावा का, असं पुष्कळ वाचक विचारतात. लॉक असलेल्या फोनमधलं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं, तर ओटीपी तिकडे येतात. पिन ते थांबवतो. पण तीनदा चुकला की पीयूके (सिम पुन्हा उघडायचा, कंपनीकडून मिळणारा कोड) मागतो, आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं जातं. कंपनीचा मूळ पिन काय आहे हे आधी विचारून घेतल्याशिवाय अंदाजाने आकडे टाकू नका. यजमानांना पडद्याच्या लॉकची सवय झाली की महिन्याभराने हे करा, दोन्ही एकदम नको.

बँकेचा हेल्पलाइन नंबर कार्डाच्या मागे असतो. तो वहीत उतरवा, कारण कार्ड आणि फोन पुष्कळदा एकाच पाकिटात जातात. बँकेला कळवताना तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि वेळ लिहा. कळवल्यानंतर झालेल्या नुकसानीचा भार बँकेवर येतो, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलं आहे. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

फोन हरवणं एकवेळ सोसवेल. यजमान रुग्णालयात आहेत आणि फोन तुमच्या हातात आहे, पण पिन फक्त त्यांना ठाऊक, याचा विचार केलात का? आयसीयूत कोणी बोट लावायला आत सोडत नाही. संयुक्त खातं असेल तर तुमचाही मोबाइल नंबर बँकेत नोंदवा, तुमच्या नावाचं वेगळं डेबिट कार्ड घ्या, आणि त्याने महिन्यातून एकदा स्वतः पैसे काढा. खातं एकट्याचं असेल तर या महिन्यातच संयुक्त करून घ्या. मेडिक्लेमचा पॉलिसी क्रमांक वहीत पहिल्या पानावर.

नंबर पाठ करायचे तर दोनच करा, यजमानांचा आणि मुलाचा. रोज एकदा कॉन्टॅक्टमधून न लावता बोटांनी डायल करा, आठवड्यात बसतात. बाकीचे दहा-बारा वहीत आणि स्वयंपाकघराच्या दाराआड. पॉवर बँक घेणार असाल तर १०००० एमएएचची. त्यातून फोनला प्रत्यक्षात साधारण ६००० मिळतात, उरलेलं विद्युतदाब बदलताना जातं. म्हणजे तुमचा फोन एकदा पूर्ण भरून थोडं उरेल. दोन महिन्यांतून एकदा चार्ज करा, पडून राहिलेली ऐन वादळात रिकामी निघते.

यजमानांशी वाद घालू नका. एका रविवारी त्यांच्या देखत लॉक लावा, पडद्यावर मजकूर लिहा, आणि तो लॉक केलेला फोन त्यांनाच शेजारच्यांकडे न्यायला सांगा. शेजाऱ्यांना एवढंच म्हणायचं: ‘हा फोन तुम्हाला रस्त्यात सापडला, माझ्या घरी कळवा.’ पिन सांगायचा नाही, मदत करायची नाही. तुम्ही घरी फोनजवळ बसा आणि घड्याळ बघा. मिनिटभरात तुमचा फोन वाजला, तर यजमानांनी ते स्वतः पाहिलेलं असेल. नाही वाजला, तर पडद्यावरची अक्षरं मोठी करा, मजकूर आणखी छोटा करा, आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या शेजाऱ्यांकडे पाठवा.